मुक्या घंटांचं गाव

४ फेब्रुवारी

ही वही नवी घेतली. दुकानातल्या वहीत मापं लिहितो, हिच्यात मनातलं लिहायचं. प्रवासात मनात फार साचतं आणि धाकट्या लेकीशी बोलावं तर ती हल्ली ओठांतल्या ओठांत बोलते.

आमच्या गावच्या कार्निव्हलला यंदा शंभर वर्षं होतात. मार्चअखेर मिरवणूक निघेल. तिच्यातले चाळीस ढोल मी एकेचाळीस वर्षं लावतो आहे. ढोल बनवणं वेगळं आणि तो सुरात लावणं वेगळं. ढोलाच्या तोंडावर जो पडदा ताणलेला असतो त्याला आम्ही पान म्हणतो. पानाच्या कडेने आठ स्क्रू. प्रत्येक स्क्रूपाशी बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा आणि आठही ठिकाणी एकच आवाज येईपर्यंत चावी फिरवायची. एक ढोल झाला की तसे आणखी एकोणचाळीस. चाळीस जणांना एका घरात नांदायला लावणं म्हणजे खायचं काम नाही.

गेल्या महिन्यात मिरवणूक समितीचे चिटणीस दुकानात आले. नेहमी उभ्याउभ्या बोलणारा माणूस, त्या दिवशी स्टूल ओढून बसला. म्हणाला, "मास्तर, शंभरावं वर्ष आहे. ढोलांची जबाबदारी इथून पुढे कुणाकडे द्यायची, ते नाव तुम्हीच सांगा. समितीतर्फे तीन शहरांचे कार्निव्हल बघून या, शांतपणे विचार करा आणि आल्यावर नाव द्या." एवढा मान आजवर गावात कुणाला मिळालेला नाही. नावाचं म्हणाल तर ते माझं ठरलेलं आहे. माझंच देणार. चौसष्ट म्हणजे काही वय नव्हे.

धाकटी बरोबर आहे. चौतीस वर्षांची, दुकानात माझ्याच हाताखाली शिकली. हात चांगला, लाकूड तासावं तर तिनेच. कान मात्र बेताचा. मी ढोल लावून ठेवला की ही मागून येते आणि चावी फिरवत बसते. ओरडलो की म्हणते, "नुसतं बघत होते, बाबा." स्वतःवर भरवसा नसला की माणसाला अशा खोडी लागतात.

८ फेब्रुवारी

पहिल्या शहरात पोचलो. नदीकाठी वसलेलं आहे. घरमालकिणीने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या, खाली कागदाचं दुकान, जिन्याला एकोणपन्नास पायऱ्या. माझ्या खिडकीसमोर मोठं झाड आहे आणि त्यावर पाखरंही पुष्कळ, पण मुकी. नुसत्या चोची उघडतात आणि मिटतात. थंडीने गारठली असतील बिचारी.

गजराचं घड्याळ बिघडलं. सहाचा गजर लावला होता, तो वाजलाच नाही. धाकटीने येऊन हलवून उठवलं. म्हणे तिला भिंतीपलीकडून ऐकू आला. स्वप्नात आला असेल.

९ फेब्रुवारी

काय शहर आहे हे. डोळे निवले.

इथल्या कार्निव्हलमध्ये कुणी राजा होत नाही की राक्षस होत नाही. प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याचं सोंग घेतो. वर्षभर शेजाऱ्याला न्याहाळायचं, त्याची चाल, त्याची खांदे उडवायची सवय सगळं मनात भरून ठेवायचं, कागदाच्या लगद्याचा मुखवटा करायचा आणि त्या दिवशी तो होऊन रस्त्यावर यायचं. न्हावी शिक्षक झालेला, शिक्षक बेकरीवाला, बेकरीवाला डॉक्टरीणबाई. मुखवटे असे की नाकावरचा तीळसुद्धा जागच्या जागी. दोन तास मी तोंड उघडं टाकून बघत होतो. आमच्याकडे मुखवट्याला दोन भोकं पाडली की काम झालं, इथे माणसं एका भुवईसाठी आठवडा घालवतात.

"यावरून भांडणं होत नाहीत का?" मी घरमालकिणीला विचारलं.

"होतात की. पण रागाने केलेला मुखवटा जमतच नाही, लोक ओळखत नाहीत. त्याला थोडी माया लागते."

तिचंही सोंग निघालं होतं. समोरचा शिंपी ती झाला होता. हातात झाडू, मान उजवीकडे कललेली, दर चार पावलांवर थांबून कुणावर तरी डाफरायचं. आमची खरी घरमालकीण दारात उभी राहून हसून हसून डोळे पुसत होती. मग तिने हळूच स्वतःची मान सरळ केली. "मी एवढी वाकडी मान करते हे मला कुणी सांगितलंच नाही हो," असं म्हणाली. मला मोठी गंमत वाटली. इतकी वर्षं स्वतःची मान वाकडी आणि बाईला पत्ता नाही.

मिरवणुकीच्या पुढे शिट्टीवाला असतो. तो शिट्टी तोंडात धरतो, गाल फुगवतो, पण फुंकत नाही. आणि मागची तीनशे माणसं एका क्षणात वळतात. मी चार वेळा नीट पाहिलं. शिट्टी न वाजवता हुकूम चालवायचा, याला म्हणतात जरब. धाकटीला म्हटलं, बघून ठेव, आपल्याकडे नुसत्या शिट्ट्या फुंकून जीव खातात. तिने कानांत घातलेली बोटं काढली आणि माझ्याकडे बघत राहिली. ढोलाच्या दुकानात वाढलेली मुलगी कानांत बोटं घालते, आता हिला काय म्हणावं.

११ फेब्रुवारी

घड्याळजीकडे गेलो. त्याने घड्याळ उघडलं, कानाशी धरलं, गजर लावून बघितला आणि परत दिलं. "चांगलं आहे की," म्हणतो. डोकं फिरलेलं दिसतं त्याचं. धाकटीने घाईघाईने घड्याळ पिशवीत टाकून मला बाहेर आणलं.

घरी फोन केला. लाइन खराब. पुरुषांचं बोलणं बरं येतं, बायकांचं अर्धं गळून जातं. बायको काहीतरी बोलत राहिली, मी "हो, हो" म्हणत राहिलो. मग धाकटीने फोन घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बोलली. काय म्हणाली आई, असं विचारलं.

"तुमची काळजी करते."

मला काय धाड भरली आहे?

१७ फेब्रुवारी

दुसरं शहर. बंदर आहे. इथल्या कार्निव्हलचे कपडे जुन्या शिडांचे असतात. वर्षभरात फाटलेलं प्रत्येक शीड राखून ठेवतात, त्याचे झगे शिवतात आणि ठिगळं, मिठाचे डाग, दोरीचे वळ सगळं तसंच ठेवतात. ज्या जहाजाचं शीड त्या जहाजाचं नाव पाठीवर. आज एका शिवणाऱ्या बाईने मला एक झगा दाखवला. खांद्यावर एकावर एक सात ठिगळं. "हा सात वादळांतून आलाय," असं ती इतक्या सहज म्हणाली की मी त्या झग्याला नमस्कारच करणार होतो.

आणि ढोल. ढकलगाड्यांवर ठेवलेले, माणसाच्या उंचीचे ढोल. दुपारी सराव होता. पहिला टोला पडला तो माझ्या बरगडीत. धक्क्यावरच्या फळ्या पायाखाली हलत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. असे ढोल ऐकून मेलो तरी चालेल.

१८ फेब्रुवारी

आज माझा मान झाला आणि आजच मला राग आला. दोन्ही लिहितो.

इथे रीत अशी आहे की ढोलाच्या कामातला कुणी पाहुणा आला तर सगळ्यात पुढचा ढोल त्याच्या हातून लावून घ्यायचा. इथला ढोलनायक माझ्यासारखाच पांढऱ्या केसांचा, दारासारखा रुंद. त्याने चावी माझ्या हातात दिली. चाळीसेक वादक गोल करून उभे. मी बाह्या सरसावल्या. आठ टिचक्या, आठ वळसे, पुन्हा आठ टिचक्या. तळहात पानावर ठेवला की मला आतलं सगळं कळतं, आता टिचकीची तशी गरजही पडत नाही. दहा मिनिटांत ढोल लागला. नायकाने मान हलवली. वादक एकमेकांकडे बघत होते. कौतुकानेच बघत असणार.

मी पाणी प्यायला वळलो आणि परत बघतो तर धाकटी ढोलापाशी वाकलेली, हातात चावी. परक्या शहरात, चाळीस माणसांदेखत. माझं डोकंच फिरलं. तिच्या हातातून चावी हिसकावली आणि म्हणालो, "कान नसेल तर निदान लाज तरी ठेव."

  मी पुन्हा आठही टिचक्या मारून बघितल्या. होतं तसंच होतं, बिघडवलं नव्हतं हे नशीब. ती शिडाच्या कापडांच्या ढिगाआड जाऊन उभी राहिली. कानाचं बोललो ते जरा जास्त झालं असेल. पण कामाच्या बाबतीत मी बापाचंही ऐकलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

मिरवणूक डोळ्यांचं पारणं फेडणारी झाली. धक्क्यापासून बाजारापर्यंत शिडंच शिडं, वारा सुटला की माणसं फुगून जहाजं व्हायची. त्यांच्या पुढे मी लावलेला ढोल.

संपल्यावर नायक आला. "असा लागलेला ढोल मी वीस वर्षांत ऐकला नाही." हे त्याने मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हटलं. मी धाकटीकडे पाहिलं, म्हटलं ऐक. ती खाली बघत होती. नायकाने हात मात्र आधी तिच्याशी मिळवला, मग माझ्याशी. इथे बायकांना पुढचा मान देत असावेत.

२३ फेब्रुवारी

बसमध्ये सहा तास. धाकटी बोलत नाही. म्हणजे लागेल तेवढं बोलते, तिकीट, पाणी, बॅग. पाच दिवस झाले. मीही काही कमी नाही, मीही गप्प.

रिकामं डोकं नको ते उकरत बसतं. गेल्या वर्षी मिरवणुकीआधी आमचा एक वादक, सुतार आहे तो, माझा ढोल हातात घेऊन म्हणाला होता, "मास्तर, हा वरच्या अंगाला जरा चढलाय का?" मी त्याला दमटपणा समजावून सांगितला होता. दुसऱ्या दिवशी त्याची तक्रार मिटली. आज खिडकीतून बाहेर बघताना उगाच वाटलं की तो दमटपणा एका रात्रीत गेला कसा. मग झोप लागली.

२६ फेब्रुवारी

आता जे लिहितो आहे ते वाचून कुणाला खरं वाटणार नाही.

तिसरं शहर डोंगराच्या उतारावर आहे, गल्ल्या म्हणजे पायऱ्याच. इथली सोंगं डोक्यापासून पायापर्यंत घंटांनी मढलेली असतात. करंगळीच्या पेराएवढ्या पितळी घंटा. एकेका अंगरख्यावर हजारभर. अशी दीडशे माणसं पायऱ्यांवरून नाचत खाली उतरली, उड्या मारत, गिरक्या घेत, आणि आवाज नाही. एवढासुद्धा नाही. घंटा हलताना दिसतात, उन्हात लकाकतात, पितळेचा धबधबाच म्हणा, आणि सगळं निःशब्द. ऐकू येतात ते फक्त पाय आणि मागचा एक जाड ढोल.

 आयुष्य मी आवाज करण्यात घालवलं. आवाज न करण्यात एवढं वैभव असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कडेच्या माणसांचे चेहरे बघितले, म्हाताऱ्यांनी डोळे मिटले होते. घंटा समोर असताना त्या मनात ऐकायच्या, केवढी मोठी गोष्ट आहे ही. मिरवणूक संपल्यावर मी टोपी काढून उभा राहिलो.

धाकटीला म्हटलं, "हे मुक्या घंटांचं गाव बघितलं आणि आपला दौरा सार्थकी लागला." आठ दिवसांत पहिल्यांदा मी आपणहून बोललो होतो. तिने माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. म्हणजे तिलाही ते पोचलं. मला फार बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी

चिटणीसांना चार पानी पत्र लिहून टाकलं. शंभराव्या वर्षी आपणही मुक्या घंटांचं पथक काढावं, घंटांच्या आतला लोलक कसा बांधायचा ते मी शिकून येतो, वगैरे. शेवटी ढोलांसाठी माझंच नाव कळवलं. धाकटी म्हणाली, "बाबा, दोन दिवस थांबा ना पत्र टाकायला." मी म्हटलं, चांगल्या गोष्टीला थांबायचं नसतं. टाकून आलो.

२ मार्च



सकाळी घंटा करणाऱ्या बाईच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भट्टी, दोन बाकं, भिंतीवर ओळीने साचे. बाई माझ्याच वयाची, हातावर भाजल्याचे जुने डाग. बाकावर पितळेच्या किसातच मांजर झोपलेलं. धाकटी दाराशी थांबली.

मी बाईला म्हटलं, "फक्त एवढंच शिकवा, ह्यांचा आवाज कसा बंद करता?"

बाई हसली. मग तिला वाटलं की मला काही वेगळं म्हणायचं असेल, म्हणून तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिने धाकटीकडे पाहिलं, मग फळीवरून एक घंटा उचलून माझ्यासमोर धरली आणि हलवली. बघा, असं काहीसं म्हणाली. मी बघितलं. लोलक बांधलेला नव्हता. तो डावीकडे आपटत होता, उजवीकडे आपटत होता. मी म्हटलं, हो, पण वाजत का नाही?

तेव्हा मांजराने डोळे न उघडता कान वळवले. बाईने घंटा हलवली की कान इकडे, थांबली की सरळ. पुन्हा हलवली, पुन्हा कान इकडे.

मी तिच्या हातातून घंटा घेतली आणि मुठीत धरून हलवली. लोलकाचा एकेक ठोका तळहाताला कळत होता. ठोका पडत होता. मांजर उठून बसलं आणि माझ्याकडे बघू लागलं.

 बाईने भट्टीजवळचं स्टूल आणून दिलं, मी बसलो. शिट्टीवाल्याचे गाल डोळ्यांसमोर आले. ती पाखरं आली, तो घड्याळजी आला. मग सुताराचा ढोल आठवला आणि मला उठून पळून जावंसं वाटलं.

परतताना एका पायरीवर बसलो. धाकटी माझ्या समोर बसली, तोंडासमोर तोंड करून. आता लक्षात येतं, कितीतरी दिवस ती अशीच बसते.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"तीन. कदाचित चार."

"तू माझ्यामागून ढोल लावतेस?"

"हो."

"गेल्या वर्षी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजवरचा सगळ्यात चांगला सूर म्हणत होते."

ती पायरीवरची माती बोटाने खरवडू लागली. मीच म्हणालो, "तो तुझा होता."

"अर्धा माझा," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही लावलेला ढोल खालून पक्का असतो. तो खालचा आवाज मला अजून तुमच्यासारखा धरता येत नाही. तुमचा निसटतो तो फक्त वरचा, बारीक. तेवढाच मी बघते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आई म्हणाली सांग. चिटणीसकाका म्हणाले सांग. मी दर वेळी ठरवायचे. मग तुम्ही पानावर हात ठेवून डोळे मिटायचात आणि मला जमायचं नाही."

चाळीस माणसांदेखत मी तिला कान नाही म्हणालो होतो. तिने उत्तर दिलं असतं तर माझी तिथेच छी थू झाली असती. ते तिने गिळलं. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. फार चुकलं." आमच्या घरात बापाने असं बोलायची पद्धत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. ती रडली. मी तिच्या पाठीवर थोपटत बसलो.

४ मार्च

काल वही उघडली नाही. कार्निव्हलचे शेवटचे दोन दिवस आहेत. धाकटी म्हणाली, नको असेल तर जाऊ घरी. मी म्हटलं, बघू या.

घंटावाले पुन्हा उतरले. ह्या वेळी मी तिला विचारलं, कसं वाजतंय ते सांग. ती म्हणाली, "तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं, बाबा. पण थांबतच नाही." मग एका सोंगाने आमच्यासमोर गिरकी घेतली, त्याला थांबवून मी विचारलं, हात लावू का? त्याने छाती पुढे केली. मी दोन्ही तळहात त्याच्या अंगरख्यावर ठेवले आणि तो जागच्या जागी नाचला. हजार घंटा हातांत थरथरल्या. पहिल्या दिवसापेक्षा आज मला ते कमी सुंदर वाटेल अशी भीती होती. तसं काही झालं नाही.

९ मार्च

घरी आलो. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. चाळीस वर्षं ढोलांच्या तोंडाशी बसल्यावर असंच होतं, बारीक आवाज आधी जातात, म्हणाले. यंत्र मिळेल. त्याने बोलणं बरंचसं कळेल, पण ढोल लावण्यापुरता कान परत येणार नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं, त्यामुळे मला ते आवडले.

संध्याकाळी समितीची बैठक. अकरा माणसं टेबलाभोवती. चिटणीसांसमोर माझं चार पानी पत्र. ते म्हणाले, "मास्तर, कल्पना नवीन आहे, आपण चर्चा करू." केवढा सभ्य माणूस. मी उभा राहिलो. बसमध्ये मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"त्या घंटा वाजतात," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाहीत."

मला वाटलं आता धक्का बसेल सगळ्यांना. कुणालाच बसला नाही. अकराजण टेबलाकडे बघत होते. सुतार होता त्यांत, त्याचे कान लाल झाले होते. ह्या सगळ्यांना माहीत होतं. मी कामावर येताना हे एकमेकांना खुणा करत असतील, असं मनात आलं आणि आत काहीतरी फार दुखलं. मग वाटलं, तीन वर्षांत ह्यांतला एकजणही माझ्यावर हसलेला नाही. दौऱ्यावर पाठवलं, स्टूल ओढून बसले, मलाच नाव द्यायला सांगितलं.

म्हणून दिलं. धाकटीचं. चिटणीस लिहून घेताना म्हणाले, "आणि तुम्ही?"

"ती सांगेल ते करीन."

हे बोलायला मला जड गेलं. ते खोटं लिहिणार नाही.

२१ मार्च

धाकटी आता दुकानात चावी लपवत नाही. ती वरचं ऐकते, मी हात ठेवून खालचं सांगतो. दोनदा भांडलो. एकदा तिचं बरोबर निघालं, एकदा माझं. पस्तीस ढोल झाले.

बायको म्हणते, घरात बोलताना एवढं ओरडू नका. म्हणजे मी ओरडत होतो, हेही आताच कळलं.

३० मार्च

आज मिरवणूक झाली.

एकेचाळीस वर्षं मी हिच्यात ढोलांकडे तोंड करून उलटा चालत आलो, लक्ष सगळं पानांवर. धाकटी सकाळी म्हणाली, बरोबर चला. मी नको म्हटलं. बरोबर असलो तर हात शिवशिवतील. औषधांच्या दुकानासमोर फुटपाथवर जाऊन उभा राहिलो, इतर सगळ्या लोकांसारखा.

तेव्हा मी आमचा कार्निव्हल पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे उंच काठ्यांवर चालणारी माणसं असतात. मला वाटायचं, शोभेला असतात. आज बघितलं, ती काठ्यांवरून घराघराच्या वरच्या खिडक्यांशी जातात. ज्यांना खाली उतरता येत नाही, म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, ती खिडकीशी आणून बसवलेली असतात. काठीवाले त्यांच्याशी हात मिळवतात, कुणाच्या केसांत फूल खोवतात, आणि पुढच्या खिडकीकडे जातात. हे माझ्या पाठीमागे चाळीस वर्षं चाललं होतं. तीन शहरं हिंडून आलो, पण इतकं चांगलं काही पाहिलं नाही.

मग ढोल आले. चाळीस ढोल, आणि त्यांच्यासमोर उलटी चालत धाकटी, हात वर केलेला. छातीत मला ते सगळे पोचले. वरचं बारीक काय चाललं होतं ते मला कळायचा मार्ग नव्हता. यंत्र पुढच्या आठवड्यात येणार आहे.

शेजारी एक बाई उभी होती, खांद्याला प्रवासाची पिशवी, बाहेरगावाहून बघायला आलेली असणार. ती माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. एरवी मी नुसती मान हलवली असती.

"मला कमी ऐकू येतं," मी म्हटलं. "जवळ येऊन बोला."

ती कानाशी आली. "विचारत होते, ढोल कोण लावतं तुमच्याकडे?"

"ती समोर चालते आहे ना, ती. माझी मुलगी." आणि मग माझ्याने राहवेना. "कसे लागलेत हो? मला सांगाल?"

बाईने घाई केली नाही. सगळे ढोल समोरून जाईपर्यंत ऐकलं. मग पुन्हा माझ्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "एकही वेगळा ऐकू येत नाही. एकच मोठा ढोल वाजतो आहे असं वाटतं."

मला सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, ऐकू नाही आलं, परत सांगा.